१५ हजारांत घरच्या वर्कशॉपसाठी बेंच ड्रिल: तीनपैकी कुठलं घ्यावं?

गॅलरीतला_सुतार

नमस्कार मंडळी,

बेंच ड्रिल घ्यायचंय. बजेट सगळं मिळून १५ हजार, त्यातच व्हाइस आणि ड्रिलचा सेटही बसवायचाय. जागा डोंबिवलीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, घरात सिंगल फेज.

काम असं:

– एमएसची (साधं लोखंड, माइल्ड स्टील) २५ × ५ पट्टी आणि ४० × ४० × ५ अँगल, भोकं ६ ते १२ मिमी. सगळ्यात जास्त काम हेच.
– ६ मिमी अॅल्युमिनियम प्लेट, भोकं ३ ते ८ मिमी, काही ठिकाणी एम ६ चे आटे.
– १८ मिमी प्लायमध्ये कप बिजागरीची ३५ मिमी भोकं.
– क्वचित २ मिमी पत्र्यात होल सॉने (वाटीसारखी गोल करवत) ५० मिमीचं भोक.

समोर तीन पर्याय आहेत.

अ) बाहेरून आलेलं हलकं मशीन. चक (ड्रिल पकडणारे जबडे) १३ मिमी, मोटर ३५० वॉट, पाच स्पीड, ५०० ते २६००. टेबल १६० × १६०, वजन १७ किलो. ८,५०० रुपये.

आ) इथलंच बिडाचं १३ मिमी बेंच ड्रिल. अर्धा एचपी, १४४० आरपीएम मोटर, चार पायऱ्यांची पुली, स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) एमटी २, म्हणजे आतून निमुळता, मोर्स टेपर नंबर २. वजन ५५ किलो. मोटरसकट १०,८००, वर १८ टक्के जीएसटी.

इ) कारखान्यातून निघालेलं जुनं २० मिमी पिलर ड्रिल. १ एचपी थ्री फेज. वजन दीडशे किलोच्या वर. ११ हजार.

दुकानदाराचं म्हणणं, "अ घ्या, त्यात स्पीड जास्त आहेत." काय करावं?

---

चक_आणि_चावी

स्पीड किती आहेत ते मोजू नका. सगळ्यात कमी स्पीड किती, ते विचारा. लोखंडाच्या कामात मशीन तिथेच अडतं.

एमएसमध्ये साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिलची कड मिनिटाला साधारण २५ मीटर पळावी. सोपं गणित म्हणजे ८००० ला ड्रिलच्या मिमीतल्या व्यासाने भागायचं, की आरपीएम मिळतो. १२ मिमीला ६६५, १० ला ८००, ६ ला १३३०, ३ ला २६५० च्या आसपास. अॅल्युमिनियमला याच्या दुप्पट-अडीचपट चालतं, स्टेनलेसला निम्म्याच्याही खाली यावं लागतं. वेग जास्त झाला की आधी ड्रिलच्या बाहेरच्या कोपऱ्यांची धार जाते. मग ड्रिल कापायच्या ऐवजी घासतं, निळं पडतं, आणि माणूस अजून जोर लावतो. धार नसलेल्या ड्रिलवर जोर लावला की टेबल वाकतं, बाकी काही होत नाही.

आता आ चं बघू. पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, झाकण उघडून पुलीवर टेप लावा. अशा मशीनवर दोन्ही पुल्या एकसारख्या आणि एकमेकींच्या उलट्या बसवलेल्या असतात. समजा पायऱ्या ६०, ८०, १००, १२० मिमी निघाल्या, तर १४४० च्या मोटरवर ७२०, ११५२, १८०० आणि २८८० मिळतील. पट्टा काठाच्या थोडा आत बसतो, त्यामुळे थोडा फरक पडेल. तुमच्या १२ मिमीला ६६५ हवेत, मिळतात ७२०. म्हणजे २७ मीटर. चालेल. ६ मिमीला ११५२, ३ ला २८८०, दोन्ही ठीक.

ताकदीचंही सांगतो. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॉट. १० मिमीचं भोक ८०० आरपीएमवर, फेऱ्यामागे ०.१२ मिमी उतरत केलं, तर ३०० वॉटच्या आसपास लागतात. म्हणजे १० मिमी हे या मोटरचं सुखाचं काम. १२-१३ मिमीला आधी ४ मिमीचं पायलट भोक पाडा, म्हणजे ड्रिलच्या मधल्या बोथट भागाला काही कापावं लागत नाही आणि हाताचा जोर निम्म्याहून कमी होतो. पायलट त्याहून मोठं मात्र नको. ८ मिमीच्या भोकात १२ मिमी ड्रिल घातलं की ते फक्त कोपऱ्यांवर कापतं, अडकतं आणि तडतडतं.

अ च्या ३५० वॉटमागे काय आहे ते मोटरच्या पाटीवर दिसेल. तिथे "एस २, १५ मिनिटं" असं काही असेल तर ती मोटर पंधरा मिनिटं चालवून गार करायची आहे, दिवसभर नाही. शिवाय ते ३५० आत जाणारे आहेत की शाफ्टवर मिळणारे, हेही विचारा. बहुतेक आत जाणारेच निघतात.

५० मिमीचं होल सॉ दोन्हीवर विसरा. ७२० वर त्याच्या दातांचा वेग ११३ मीटर होतो आणि ५०० वरही ७८. हवेत २५, म्हणजे १६० आरपीएम. पहिल्याच भोकात दात जातील. २ मिमी पत्र्याला कडेने ४ मिमीची भोकं ओळीने पाडून छिन्नीने तोडा आणि कानस मारा. भोकं बरीच असतील तर बोल्टने आवळायचा पंच-डाय घ्या, त्याला मशीनच लागत नाही.

माझं मत आ ला. अट एकच, पुली मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. सगळ्यात कमी स्पीड ९०० निघाला तर परत या.

---

रविवारचा_रंधा

प्लायपुरतं बोलतो. फक्त लाकूड असतं तर अ घ्या म्हटलं असतं. ३५ मिमी फॉर्स्टनर बिटाला (सपाट बुडाचं भोक पाडणारं लाकडाचं बिट) ५०० ते ७०० पुरे होतात. ११५२ वर लावलं तर धूर निघेल आणि कडा काळ्या पडतील. तुमचा अँगल मधे येतोय, त्यामुळे आ.

पण कुठलंही घेतलं तरी टेबल लाकडाला लहानच पडतं. १८ मिमी प्लायचा ६०० × ३०० तुकडा टेबलावर खालून बोल्टने बसवा. मधे १०० × १०० ची चौकोनी खाच करा आणि तिच्यात बदलता येणारा तुकडा टाका. तो चाळणी झाला की फेकायचा, नवा घालायचा. मागे एक सरळ पट्टी फेन्स म्हणून दोन क्लॅम्पने आवळा. बिजागरीसाठी दाराच्या कडेपासून कपाच्या काठापर्यंत ५ मिमी ठेवायचे असतील तर फेन्स स्पिंडलच्या मध्यापासून २२.५ मिमीवर येते. खोली १२.५ ठेवा. १८ च्या प्लायमध्ये खाली साडेपाच उरतात, बिटाचं मधलं टोक पलीकडे निघत नाही. खोलीच्या स्टॉपला दोन नट असतात, दोन्ही एकमेकांवर आवळा. एकच आवळला तर थरथरीने सरकतो आणि सातव्या-आठव्या दाराला कळतं.

एक गोष्ट कॅटलॉगमध्ये ठळक लिहीत नाहीत, क्विल (हँडल ओढल्यावर स्पिंडलसकट खाली येणारी नळी) किती खाली येतं. १३ मिमीच्या लहान मशीनवर बहुधा ५०-६० मिमी. आता ४ मिमीचं नेहमीच्या लांबीचं ड्रिल ७५ मिमी लांब असतं आणि १२ मिमीचं १५१. म्हणजे पायलट पाडून ड्रिल बदललं की टेबल खाली घ्यावंच लागतं, आणि गोल खांबावर टेबल खाली घेतलं की ते बाजूलाही फिरतं. सेंटर गेला.

---

चक_आणि_चावी

@रविवारचा_रंधा बरोबर. यावर उपाय आहे. टेबल खाली घ्या, व्हाइसचे बोल्ट सैल ठेवा, मोटर बंद ठेवून १२ चं ड्रिल पायलट भोकात उतरवा आणि चक हाताने उलटा फिरवा. व्हाइस आपोआप मध्याला येतो. तसाच दाबून बोल्ट आवळा. टेबल वर-खाली करायला दात्यांची पट्टी आणि हँडल असलं तरी हे करावंच लागतं, कारण पट्टीही टेबलाबरोबर खांबाभोवती फिरते. हँडलने फक्त कंबर वाचते.

---

जुनं_लोखंड

इ बद्दल. जुन्या पिलर ड्रिलचं बीड आणि खांब आजच्या नव्या मशीनपेक्षा कितीतरी जाड असतात, मला विचाराल तर मशीन म्हणून तिघांत तेच उत्तम. तरी तुम्ही घेऊ नका.

पहिलं कारण थ्री फेज. मोटर बदलायची म्हणजे नुसती मोटर नाही. थ्री फेज आणि सिंगल फेज मोटरची फ्रेम एकच असेल असं नाही. अर्ध्या एचपीचंच बघा, थ्री फेज बहुधा ७१ फ्रेमची, शाफ्ट १४ मिमी. सिंगल फेज पुष्कळदा ८० फ्रेमची, शाफ्ट १९ मिमी. १ एचपीतही हाच घोळ. शाफ्ट बदलला की पुलीचं भोक मोठं करून घ्या, नवी चावीखाच पाडा, मोटरच्या पायांची भोकं जुळत नाहीत म्हणून मधे प्लेट टाका. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) लावून सिंगल फेजवरून थ्री फेज करता येतं, पण २३० व्होल्टच्या व्हीएफडीतून २३० च निघतात. मोटर ४१५ ला स्टारमध्ये जोडलेली असेल तर ती डेल्टात घ्यावी लागते, आणि त्यासाठी सहाही टोकं डबीत बाहेर काढलेली हवीत. तीनच टोकं दिसली तर मोटर उघडून आतला स्टारचा जोड सोडवावा लागेल.

आणि व्हीएफडीने स्पीड कमी केला म्हणजे जोर वाढत नाही. पट्टा लहान पुलीवरून मोठीवर गेला की जोर दुप्पट होतो, व्हीएफडीवर फार तर तेवढाच राहतो. वर हळू फिरणाऱ्या मोटरचा पंखाही हळू फिरतो, ती तापते.

दुसरं कारण जिना. दीडशे किलो सुटे करून नेले तरी एकटा बेस आणि खांबच तिघांचं काम आहे.

जुनं बघायला गेलातच तर टेबलावरची चंद्रकोरी भोकं बघून घाबरू नका, ती वापरणाऱ्याची हयगय आहे, मशीनची नाही. हेड खांबाला जिथे आवळलं जातं तिथे वेल्डिंगची खूण दिसली तर मात्र तिथूनच मागे फिरा. जास्त आवळून बीड तडकलेलं असतं आणि बिडाचं वेल्डिंग तिथे टिकत नाही.

---

गॅलरीतला_सुतार

सगळ्यांचे आभार. आ कडे कल झालाय. शनिवारी मुंबईत नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात जातोय, मशीन तिथे जोडून ठेवलंय म्हणतात. दुकानात नेमकं काय तपासू? आणि एक भाबडा प्रश्न, याच मशीनवर एंडमिल (बाजूनेही कापणारं कटर) लावून अॅल्युमिनियममध्ये थोडं खाच काढायचं काम होईल का?

---

शून्य_शून्य_एक

आधी मिलिंग. नाही. मोर्स टेपर फक्त घर्षणाने धरतो, वरून खेचून ठेवणारा बोल्ट ड्रिलच्या स्पिंडलमध्ये नसतो. भोक पाडताना जोर खालून वर येतो, टेपर अजून घट्ट बसतो. एंडमिल बाजूने ढकलते आणि थरथरते, टेपर सुटतो आणि फिरता चक मांडीवर येतो. ड्रिल चकचे जबडेही बाजूच्या जोरासाठी केलेले नसतात.

आता दुकान. सोबत न्या: ०.०१ मिमीचा डायल गेज आणि मॅग्नेटिक बेस (मागून आणलात तरी चालेल), ८ किंवा १० मिमीची घासून नेमकी केलेली डॉवेल पिन, मोठा गुण्या, टेप, टॉर्च, चिंधी. दुकानदार कुरकुर करेल. करू दे.

१. चक काढायला सांगा. एमटी २ असेल तर स्पिंडलच्या बाजूच्या खाचेत पाचर (ड्रिफ्ट) घालून हातोडीच्या एका ठोक्यात चक खाली येतो. खाली लाकूड धरा. टॉर्चने आतला टेपर बघा आणि बोट फिरवा. ओरखडा किंवा उठलेला काठ लागला तर दुसरं मशीन मागा.

२. डायलचं टोक त्या आतल्या टेपरवर लावा आणि स्पिंडल हाताने एक फेरा फिरवा. सुई ०.०३ च्या आत हलली तर छान, ०.०५ पर्यंत चालेल. इथेच ०.१ आली तर स्पिंडल वाकडा आहे किंवा नीट केलेला नाही, त्याला घरी उपाय नाही.

३. चक पुसून परत बसवा. पिन चकमध्ये धरून जबड्यांच्या २५ मिमी खाली डायल लावा. एवढ्या पैशांच्या मशीनवर ०.१ पर्यंत चांगलं. ०.१५-०.२ हे नेहमी दिसतं आणि बहुतेक वेळा सुधारता येतं. पिनेऐवजी दुकानातलं ड्रिल उलटं धरून मोजू नका, त्याच्या दांड्यावर चकमध्ये घसरल्याच्या खुणा असतात.

४. क्विल पूर्ण खाली ओढून धरा आणि खालचं टोक पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलवा. सुई ०.१ पेक्षा जास्त हलली तर हेडच्या बाजूला लॉकनट असलेला स्क्रू आहे का बघा, तो थोडा आवळून चालतो. स्क्रूच नसेल आणि हाताला सैलपणा जाणवत असेल तर सोडून द्या. क्विल वर जाताना मधे अडखळत असेल तर स्प्रिंगची डबी बघून घ्या, पण ती स्वतः उघडू नका. आत घड्याळासारखी गुंडाळलेली पट्टी असते, सुटली की बोटं कापते.

५. टेबल. चकमध्ये तारेचा एल धरा, टोक मध्यापासून १०० मिमीवर येईल असा. टेबलाजवळ आणून हाताने फिरवा. डावी-उजवी बाजू चुकत असेल तर चालेल, टेबलाखालचा मोठा बोल्ट सैल करून ती जुळते. पुढची-मागची चूक मोजून लिहून आणा. तिला बोल्ट नाही.

६. टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवा, चकमध्ये जाड दांडी धरून हँडलने तो दाबा. मॅग्नेटिक बेस मशीनच्या बेसवर ठेवून डायल टेबलाच्या पुढच्या काठाला लावा. जोर दिल्यावर टेबल वाकणारच. प्रश्न सोडल्यावर सुई शून्यावर येते का हा आहे. येत नसेल तर ब्रॅकेटची पकड सरकते आहे.

७. पट्टा लावून सगळ्यात जास्त स्पीडवर पाच मिनिटं चालवा. पट्ट्याचा फटफट आवाज चालेल, एकाच लयीतला ठक-ठक नको. मोटर आणि स्पिंडलची पुली एका रेषेत आहेत का, ते वरून सरळ पट्टी टेकवून बघा. ३ मिमी इकडेतिकडे असेल तर पट्टा काळा भुसा टाकत राहील. पुलीचा ग्रब स्क्रू स्वतः आवळून बघा, नव्या मशीनवरही तो सैल सापडतो.

८. चकच्या मागचा टेपर कुठला ते लिहून घ्या. १३ मिमीचे चक जेटी ६ मध्येही येतात आणि बी १६ मध्येही. एकाचं मोठं तोंड १७.१७ मिमी, दुसऱ्याचं १५.७३. पुढे चक बदलताना चुकीचा आर्बर (चक आणि स्पिंडल जोडणारा निमुळता दांडा) आणलात तर एकतर बसणार नाही, नाहीतर बसल्यासारखा वाटून डुगडुगेल.

---

फेज_न्यूट्रल

विजेचं कोणी बोललं नाही म्हणून.

आ बरोबर नुसतं टम्बलर बटण देत असतील तर सिंगल फेजचा डीओएल स्टार्टर मागा. त्यातली कॉइल वीज गेली की सुटते आणि वीज आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर चालू होत नाही. साध्या बटणावर काय होतं? वीज जाते, तुम्ही बटण तसंच ठेवून चहाला जाता, परत येऊन चकमध्ये चावी घालता, आणि तेवढ्यात वीज येते. आपल्याकडे ही शक्यता कागदावरची नाही. ओव्हरलोडची चकती मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या अँपिअरवर ठेवा, अर्ध्या एचपीला ते बहुधा साडेतीन-चारच्या घरात असतात. दुकानदार बरेचदा वरच्या टोकाला लावून देतो, मग तो रिले शोभेचा.

१६ अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग टेस्टरवर नाही तर बल्ब लावून तपासलेलं, आणि शक्यतो एक्स्टेन्शन नको. लागलंच तर २.५ चौमिमीची तार. बारीक तारेत सुरू होताना व्होल्टेज पडतं, मोटर वेग पकडत नाही, सुरुवातीचं वाइंडिंग वेळेत सुटत नाही आणि तेच आधी जळतं. मोटर नुसती हुंकारते आणि पुली हाताने ढकलली की फिरते, अशी झाली तर कपॅसिटर किंवा आतला सेंट्रिफ्युगल स्विच गेला. हे समजून घ्यायला सांगतोय, पुली हाताने ढकलायला नाही.

वाइंडिंग तांब्याचं की अॅल्युमिनियमचं हे बिलावर लिहून घ्या. तोंडी सगळ्यांचं तांब्याचंच असतं.

---

चक_आणि_चावी

बजेटचं राहिलं. आ जीएसटीसकट १२,७४४. उरतात २,२५६. त्यात पहिला व्हाइस, मग ड्रिल. ११५ नगांची पिवळी पेटी घेऊ नका. सुटी ड्रिल्स घ्या: ३, ४, ५, ६, ६.८, ८, ८.५, १०, १२, सगळी एचएसएस, चांगल्या मेकची, ४ आणि ५ च्या दोन-दोन. ५ म्हणजे एम ६ च्या आट्यांचं भोक, ६.८ म्हणजे एम ८, ८.५ म्हणजे एम १०. दुकानात अजून सुतात बोलतात, तर एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. चार सुती १२.७ होतं, १२ नाही. मिमीत मागा. फॉर्स्टनर पुढच्या महिन्यात.

व्हाइस १०० मिमीचा, खालून टेबलाच्या खाचेत बोल्टने आवळता येणारा. लांब पट्टी व्हाइसमध्ये मावत नसेल तर तिचं लांब टोक तुमच्या डाव्या हाताला ठेवा, खांबाला टेकेल असं. ड्रिल अडकलं की पट्टी घड्याळाच्या दिशेने फिरते, डावं टोक मागे जाऊन खांबावर थांबतं. उजवीकडे ठेवलंत तर ते पोटाकडे येतं.

अडकतं कधी? भोक आरपार होताना. शेवटच्या अर्ध्या मिमीला ड्रिल स्वतःच खाली ओढलं जातं, म्हणून तिथे हँडल दाबायचं नाही, उलट थोपवून धरायचं. पत्र्याला नेहमीचं ड्रिल तिकोनी भोक पाडतं, खाली लाकूड घेऊन दोन्ही आवळा.

एमएसला पाण्यात मिसळलेलं कटिंग ऑइल (एकाला वीस) ब्रशने, अॅल्युमिनियमला थोडं रॉकेल, नाहीतर कीस ड्रिलच्या नाळीत चिकटून बसतो. हातमोजे कधीच नाहीत. ओढणी, लांब बाही, मनगटातला दोरा, सगळं काढून. कीस ब्रशने काढा, मोटर बंद करून.

---

गॅलरीतला_सुतार

जाऊन आलो. पुल्या ६२, ८०, ९८, ११६ मिमी. स्पिंडलच्या टेपरमध्ये ०.०३. पिनेवर ०.१८. क्विलचा सैलपणा ०.०६. टेबल डावी-उजवी जुळलं, पण २०० मिमीमध्ये पुढची बाजू ०.६ मिमी खाली आहे. दुकानदार म्हणाला, "एवढं चालतं, आणि टेबलाचं म्हणाल तर खांबाच्या बुडाला पुढून पत्रा घाला." घेऊ का?

---

चक_आणि_चावी

६२ ला ११६ म्हणजे सगळ्यात कमी ७७० च्या आसपास. १२ मिमीला २९ मीटर. थोडं जास्त आहे, पण तेल नीट लावलंत तर ड्रिल टिकेल. घ्या.

---

शून्य_शून्य_एक

घ्या. टेपरमध्ये ०.०३ आहे म्हणजे स्पिंडल चांगला. ०.१८ मधला बाकीचा दोष चक आणि आर्बरचा आहे.

तो असा काढा. आर्बर स्पिंडलमधून काढून पुसा, स्पिंडल आणि आर्बर दोघांवर मार्करने एकेक रेघ मारा. रेघा जुळवून मोजा, मग आर्बर पाव फेरा फिरवून परत मोजा, असं चार वेळा. स्पिंडलची चूक आणि आर्बरची चूक एका जागी समोरासमोर आली की एकमेकींना खातात. सगळ्यात कमी जिथे येईल तिथे कायमची खूण करा. तरीही ०.१ च्या वर राहिलं तर चक आर्बरवरून काढून तिथेही हेच करा. चक बसवताना जबडे पूर्ण आत घ्या आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून एकच ठोका द्या. लोखंडी हातोडीने जबड्यांवर मारलंत तर ते कायमचे वाकडे होतील.

एवढं करूनही भोक मोठं पडत असेल तर मशीनला दोष देण्याआधी ड्रिलच्या दोन्ही धारा सारख्या लांबीच्या आहेत का बघा. एक धार लांब असली तर शून्य चुकीच्या मशीनवरही भोक मोठंच पडतं. ८ मिमीची पिन घट्ट बसवायची असेल तर ७.८ चं ड्रिल आणि मग ८ चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), ड्रिलच्या एकतृतीयांश वेगाने. तुमच्या मशीनवर एवढा कमी वेग नाही, तेव्हा रीमर चकमध्ये धरून मोटर बंद ठेवून पुली हाताने फिरवा.

आता टेबल. खांबाच्या बुडाला पत्रा घालून काहीही होणार नाही. हेड आणि टेबल दोन्ही त्याच खांबावर आहेत, खांब झुकवला की दोघं एकदम झुकतात. चूक जशी होती तशीच राहते, फक्त मशीन पुढे-मागे कलतं.

पत्रा घालायचा टेबल आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये, जिथे टेबल तिरपं करायचा मोठा बोल्ट आहे त्या उभ्या तोंडावर. पुढची बाजू खाली आहे, म्हणजे पत्रा त्या तोंडाच्या खालच्या काठाला. जाडी काढायची तर ०.६ भागिले २००, गुणिले तोंडाची उंची. ती ६० मिमी असेल तर ०.१८. थंड पेयाच्या अॅल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, त्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर, १० मिमी रुंद. आधी ते तोंड पुसून बघा, रंगाचा थेंब किंवा बिडाचा उंचवटा निघाला तर कदाचित पत्र्याची गरजच पडणार नाही. बोल्ट आवळल्यावर परत एल फिरवून मोजा, आणि मग टेबलावर ठोकळा दाबून एकदा परत, कारण पहिल्या जोराला पट्ट्या बसतात आणि ०.०५ इकडेतिकडे होतं.